उघड्या जीपच्या टपाला कडक झाकण



आज आम्ही पापड-लोणच्यावर बोलणार नाही. आज जीपवर बोलणार आहोत. लग्नात टप पाडून नवरदेवाला फिरवतात ती उघडी जीप. तिच्याही सगळ्या अंगावर नाही, एकाच तुकड्यावर. टप मागं पाडला की कापडाची आणि कमानींची जी बोजड घडी मागच्या बाजूला पडून राहते, तिच्यावर बसवायचं कडक झाकण. विषय गॅरेजवाल्यांचा वाटेल, पण या कामात शिवणयंत्र आहे, मोजपट्टी आहे, गोट आहे, टिचबटणं आहेत. म्हणजे निम्मं काम आपल्याला येतंच. राहिलेलं निम्मं आम्ही पालममध्ये कसं केलं आणि त्यावरून आमच्या गटात भांडण का झालं, ते आज सांगायचं आहे.

आधी गाडी बघू. 1940 च्या दशकाच्या शेवटी महिंद्रांनी मुंबईत परदेशी विलीज जीप जोडायला सुरुवात केली. त्या जीपला लोखंडी छप्पर नव्हतं. पाइपाच्या कमानी आणि त्यावर ताडपत्री. ऊन-पाऊस असला की टप उभा करायचा, नसला की पाडायचा. पुढं कितीतरी वर्षं तसल्याच घडणीच्या जीपा आपल्याकडं आल्या. आजही शेतात, गॅरेजमागं, वाड्याच्या अंगणात त्या उभ्या दिसतात. 2020 साली आलेल्या नव्या थारमध्येसुद्धा कापडी टप मागं पाडता येणारा एक प्रकार होता. म्हणजे हे काम जुन्या गाड्यांबरोबर संपणारं नाही.

आणि उघड्या गाडीचा मान आपल्याकडं मोठा. 26 जानेवारीला, 1 मेला पोलीस मैदानावर पाहुणे उघड्या जीपमधून संचलन बघतात. कोल्हापूरला दसऱ्याच्या दिवशी छत्रपतींच्या घराण्याची जुनी जर्मन मेबॅक मोटार न्यू पॅलेसवरून दसरा चौकात येते, ती बघायला माणसं वाट धरून उभी असतात. आपल्या भागात पूर्वी नवरदेव घोड्यावर. माळेगावची यात्रा इथून जवळ, तिथं घोड्यांचा मोठा बाजार, तेव्हा घोड्याला तोटा नव्हता. आता परण्या निघतो तो जीपमधून. फौजेतून निवृत्त होऊन पोरगा घरी आला की जीप. एखादी पोरगी पोलीस भरतीत निघाली की तिलाही जीपमध्ये उभी करून गावातून आणतात, आणि ते बघताना आमच्यातल्या दोघी-तिघी दरवेळी डोळे पुसतात.

तर अशा मिरवणुकीत पुढून गाडी फुलांनी मढलेली आणि मागं बघावं तर ताडपत्रीचं बोचकं, दोऱ्यांनी आवळलेलं. फोटोत ते वाईट दिसतं, ही झाली एक गोष्ट. पण खरी अडचण दुसरी. कमानींना जिथं सांधे असतात तिथं लोखंड कात्रीसारखं मिटतं. एका लग्नात नवरीच्या शालूचा पदर त्या सांध्यात गेला. गाडी हळू होती म्हणून बरं, पदर फाटण्यावर निभावलं. लहान लेकरं तर हमखास मागंच चढतात आणि बोटं तिथंच घालतात. म्हणून झाकण हवं. शोभेसाठी हवंच, पण त्याआधी बोटांसाठी आणि पदरांसाठी.

अमेरिकेत अशा उघड्या मोटारी फार. तिथं या झाकणाला बूट म्हणतात. पायातला बूट नव्हे, घडीवरची खोळ. आपल्याकडं वीणेला गवसणी असते ना, तसलं. तिकडंही दोन तऱ्हा. एक मऊ, रेक्झिनची, कडेला टिचबटणं. दुसरी कडक, तुकड्या-तुकड्यांची, मिरवणुकीच्या वेळी बसवायची. 1970 च्या दशकातल्या कॅडिलॅक एल्डोराडोसारख्या लांबलचक मोटारींवर असली कडक झाकणं बसवलेली दिसतात. दिसायला सुंदर, पण बसवायला किचकट, आणि काढून ठेवायची कुठं हा प्रश्न तिथल्या मालकांनाही पडतो. तो प्रश्न आम्हालाही पडला, पुढं सांगतो.

आमचा गट बाराजणींचा. आधी आम्ही रिक्षाचं हूड, ट्रॅक्टरच्या सीटची खोळ, कूलरचं कव्हर असं शिवत होतो. त्यासाठी जाड कामाचं एक मशीन गटाच्या कर्जातून घेतलं. घरच्या मशीनवर रेक्झिनचे चार थर एकदम जात नाहीत, सुई मोडते. जाड कामाला 18 किंवा 21 नंबरची सुई आणि नायलॉनचा दोरा लागतो, आणि टाका मोठा ठेवावा लागतो. बारीक टाका घातला तर रेक्झिनला इतकी भोकं पडतात की ते पोस्टाच्या तिकिटासारखं त्याच रेषेवर फाटतं. ही गोष्ट ब्लाउज शिवणाऱ्या हाताला लवकर पटत नाही.

मंडपाचं काम करणारे एक दादा आमच्याकडं आले. त्यांची एक जुनी जीप लग्नात भाड्यानं जाते. म्हणाले, "ताई, तुम्ही रिक्षाचं हूड शिवता, मग एवढं झाकून द्या. पण कापडासारखं लोंबायला नको. पेटीच्या झाकणासारखं गुळगुळीत पाहिजे." आम्ही हो म्हणालो. मग गाडी बघायला गेलो, आणि तिथं पहिली गोष्ट कळली की झाकणाच्या आधी घडीचं बघावं लागतं.

हे नीट ऐका, कारण पुढचं सगळं यावर आहे. टप रोज वेगळा माणूस पाडतो. एकजण ताडपत्री आत ओढून घेतो, दुसरा कमानींच्या मधे तशीच चेपून टाकतो. एका दिवशी घडी वीतभर उंच, दुसऱ्या दिवशी त्याहून दोन इंच जास्त. मऊ खोळ तेवढं सांभाळून घेते. कडक झाकण नाही सांभाळत. ते एका कोपऱ्यात उचलतं, मग माणूस वरून दाबतो, आणि प्लायला तडा जातो. दोष मात्र शिवणारीला.

म्हणून आम्ही आधी ड्रायव्हरदादांना सोबत घेऊन घडी ठरवली. टप आधी कोरडा आणि झटकलेला हवा. ओली ताडपत्री घडी घालून झाकली की चार दिवसांत बुरशी धरते, वास तर विचारूच नका. मग सगळी बटणं, पट्टे, चेन सोडायच्या. कमानी पाडताना एकानं एका बाजूला, दुसऱ्यानं दुसऱ्या बाजूला धरायचं, एकट्यानं ओढली की कमान तिरपी बसते. कमान खाली आली की मधे अडकलेलं कापड बाहेर ओढून घ्यायचं आणि वरून आतल्या अंगाला सपाट घालायचं. मागं पारदर्शक प्लास्टिकची खिडकी असली तर तिला कडक मोड पडू द्यायचा नाही. जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा मधे घालून ती गोलसर वळवायची. थंडीत सकाळी ते प्लास्टिक कडक असतं, मोडताना तडकतं, तेव्हा आधी थोडं ऊन खाऊ द्यायचं. शेवटी दोन पट्ट्यांनी घडी आवळायची आणि पट्टा कमानीवर जिथं येतो तिथं रंगाची खूण करायची. खुणेवर पट्टा आला म्हणजे घडी बरोबर. असं तीनदा पाडून, तीनदा मोजून बघितलं. तिन्ही वेळा उंची सारखी भरली, तेव्हा मोजपट्टीचं काम सुरू केलं.

मोजताना जुन्या गाडीवर विश्वास ठेवू नये. ती कुठंतरी ठोकलेली असते, कुठंतरी वेल्डिंग केलेली असते. डावी बाजू आणि उजवी बाजू सारखी असेल असं धरून कापड कापलं की संपलं. आम्ही रुंदी पुढं, मधे, मागं अशी तीन ठिकाणी घेतली. उंची डावीकडं, मधे, उजवीकडं. आणि कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरपं माप दोन्हीकडून. ही दोन्ही तिरपी मापं सारखी आली तर चौकट सरळ. आमच्या जीपला पाऊण इंचाचा फरक निघाला. दादांना दाखवला तर ते स्वतःच गाडीखाली वाकून बघायला लागले.

कागदावरच्या मापावर भागत नाही, म्हणून पुठ्ठ्याचा खाका केला. कूलरचं मोठं खोकं आणलं, जोडाला वर्तमानपत्र खळीनं चिकटवलं, आणि घडीवर ठेवून कडेनं खडूनं रेघ ओढली. कापताना अर्धा इंच बाहेरून कापला, मग ठेवून-ठेवून कमी करत आणला. पुठ्ठा स्वस्त आहे, तो चारदा कापता येतो. खाक्यावर लगेच लिहून ठेवायचं, पुढं कुठलं, मागं कुठलं, वरची बाजू कुठली, डावं-उजवं कुठलं. उलटा पडलेला खाका नुसता बघून ओळखू येत नाही.

झाकण तीन तुकड्यांचं केलं. मधला सपाट, दोन्ही बाजूचे पंख. एकसंध केलं असतं तर दिसायला छान, पण ते दाराएवढं झालं असतं, ना उचलता येणार, ना ठेवता येणार. सुतारकाकांनी पाण्यात टिकणारा 6 मिलिमीटरचा प्लाय आमच्या खाक्यावर कापून दिला. कडा पॉलिश पेपरनं गोल केल्या, नाहीतर रेक्झिन तिथंच आधी झिजतं. वर पातळ फोम, त्यावर रेक्झिन. तीन तुकडे जोडायला बिजागरी लावली नाही, रेक्झिनचीच पट्टी दुहेरी करून जोडली. ती वहीच्या पाठीसारखी मिटते, आणि लोखंड नसल्यानं पदर अडकत नाही.

फायबरचं झाकण याहून हलकं होतं आणि गोलाई घेतं, हे खरं. पण त्यातला राळेचा आणि हार्डनरचा वास डोक्यात जातो, हार्डनर डोळ्यात उडाला तर इजा होते, आणि घासताना काचेची बारीक कुसळं अंगात शिरतात. हातमोजे, तोंडावर चांगला मास्क, डोळ्यांना चष्मा, उघडी जागा एवढं सगळं नसेल तर आपल्या घरच्या ओसरीत हे काम करू नका. आमच्या गटानं ठरवलंय, फायबर लागलंच तर ते काम करणाऱ्याकडून करून आणायचं, आपण वरचं रेक्झिन आणि बसवणं करायचं.

रेक्झिन ताणायचं ते उन्हात तापवून. अर्धा तास उन्हात पसरून ठेवलं की ते नरम पडतं, मग मधून सुरुवात करून कडेकडं ओढायचं, गादीवर चादर सारखी करताना हात फिरवतो तसं. सकाळच्या गारव्यात ताणलं की मे महिन्याच्या दुपारी ते सैल पडून सुरकुततं. आपल्या परभणी जिल्ह्याचं ऊन कसं आहे ते आम्ही काय सांगावं. खालच्या अंगाला, जिथं झाकण गाडीच्या रंगाला टेकतं, तिथं आम्ही जुन्या घोंगडीच्या पट्ट्या लावल्या. बाजारात नमदा मिळतो, पण घोंगडी घरात होती. फक्त ती स्वच्छ धुऊन, खडा-माती झाडून लावायची. घोंगडीत अडकलेला एक खडा अख्खा रंग ओरबाडतो.

आता बसवणं. इथं आमचा एक नियम आहे, गाडीला नवं भोक पाडायचं नाही. भोक पाडलं की तिथून गंज सुरू होतो. आणि कायद्याचंही आहे. मोटार वाहन कायदा 1988, त्याच्या 52 व्या कलमाप्रमाणं नोंदणीत आहे त्याहून गाडीची रचना मनानं बदलता येत नाही. आपलं झाकण काढ-घाल करण्याचं आहे, गाडीचा भाग नाही, तेव्हा कापणं, वेल्डिंग, भोक यातलं काहीच आपण करत नाही. ताडपत्री बांधायचे जुने हूक गाडीला असतातच. त्यांनाच बकलाचे पट्टे अडकवले. पुढची कड सीटच्या पाठीमागच्या दांडीखाली सरकवली, म्हणजे वारा आत घुसून झाकण उचलत नाही. पट्टे आवळताना आधी मधला, मग डावीकडचा थोडा, उजवीकडचा थोडा, परत डावीकडचा. एकच बाजू पूर्ण आवळली की दुसरी बाजू जागा सोडते.

बसवल्यावर लगेच छान म्हणून फोटो काढायचा नाही. खालच्या अंगाला खडूची भुकटी लावायची आणि गाडी खराब रस्त्यावर हळू फिरवून आणायची. खराब रस्ता शोधायला आपल्याला लांब जावं लागत नाही. परत आल्यावर झाकण उचलून बघायचं. जिथली भुकटी पुसली गेली, तिथं घासतंय. तिथं घोंगडीचा आणखी एक थर. खडखड आवाज आला तर सांध्यात रबराची पट्टी. आम्हाला अशा तीन फेऱ्या माराव्या लागल्या, आणि त्या फेऱ्यांना आमच्यातली एक ताई स्वतः मागं बसून गेली, कान लावून. गॅरेजसमोरची माणसं बघत होती. पहिल्या दिवशी बघत होती, तिसऱ्या दिवशी चहा विचारला.

हे झाकण चालीच्या वेगासाठी आहे. मिरवणूक माणसाच्या पावलानं जाते, तिथं ठीक. गंगाखेडहून किंवा लोह्याहून गाडी रिकामी परत येताना मोठ्या रस्त्यावर जोरात आणायची असेल तर झाकण काढून आत आडवं बांधावं. वाऱ्यानं पट्टा तुटला तर एवढा प्लाय मागच्या मोटारसायकलवाल्याच्या तोंडावर जाईल. हे आम्ही दादांना तोंडी सांगितलं आणि बिलावरही लिहून दिलं.

आता भांडणाची गोष्ट.

झाकण अर्धं झालं होतं तेव्हा दादा म्हणाले, "ताई, जरा जाड प्लाय टाका. नवरदेवाला वरच बसवू. उंचावर दिसला पाहिजे, आजकाल सगळे तसंच बसतात." आणि ते खोटं नव्हतं. मिरवणुकीचे फोटो बघा, नवरदेव मागच्या घडीवर बसलेला, पाय सीटवर. नवरीलाही तसंच बसवतात, अंगावर शालू, दागिने, डोक्यावर बाशिंग.

आमच्या बैठकीत दोन तट पडले. काहीजणी म्हणाल्या, गिऱ्हाईक मागतंय ते द्यावं, जाड प्लाय टाकला की चारशे-पाचशे रुपये जास्तच मिळतील. मशीनचा हप्ता तोंडावर होता, लग्नसराई चालू होती, आणि ज्येष्ठ सरला की पुढं दिवाळीनंतर तुळशीच्या लग्नापर्यंत असलं काम नाही. हे बोलणाऱ्या चुकीचं बोलत नव्हत्या. त्यांच्या घरात पैसा लागत होता.

दुसऱ्या म्हणाल्या, प्लाय कितीही जाड टाका, त्याच्या खाली काय आहे? पोकळ घडी आणि मिटलेल्या कमानी. वजन त्या सांध्यांवर येणार. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की तिथं बसलेल्याला धरायला काहीच नाही. गाडीच्या कडेच्या वर बसलेला माणूस, पाठीला टेकू नाही. ड्रायव्हरनं क्लच जरा झटक्यात सोडला की माणूस मागं. मागं काय असतं? नाचणारी पोरं, आणि त्यांच्यामागं बँडची गाडी. नवरी पडली तर झाकण कुणी केलं हे कुणी विचारो न विचारो, आपल्याला तर माहीत असणार.

पहिल्या बैठकीत निर्णय झाला नाही. दुसऱ्या बैठकीत एका ताईनं, ती फार बोलत नाही एरवी, एक युक्ती सांगितली. ती म्हणाली, चुलीवरच्या धुराड्याला जशी उतरती टोपी असते तसं झाकण उतरतं करा. मागच्या अंगाला तीन इंच उतार दिला की कुणाला बसताच येणार नाही, घसरेल. म्हणजे सांगायचीही गरज नाही. आणि नवरा-नवरीला बसायला सुतारकाकांकडून पाठीचा एक छोटा बाक करून घ्या, तो गाडीच्या तळाला, मागच्या सीटचे जे मूळ बोल्ट आहेत त्यांनाच आवळा, समोर धरायला दांडी द्या. माणूस सीटपेक्षा वीतभर उंच दिसेल आणि पाय तळाला टेकतील.

दादांना हे पहिल्यांदा आवडलं नाही. फोटोत उंची कमी दिसते म्हणाले. मग त्यांच्याच घरच्या काकूंनी त्या बाकावर बसून गल्लीतून एक चक्कर मारली आणि उतरल्यावर म्हणाल्या, "मला तर इथं बरं वाटलं, जीव मुठीत धरावा लागत नाही." तेव्हा ते मानले. रेक्झिनवर पांढऱ्या रेक्झिनची अक्षरं शिवून दिली, 'येथे बसू नये'. लग्नात त्यावर फुलांची माळ येते आणि अक्षरं झाकली जातात, ते जाऊ द्या, उतार तर झाकला जात नाही.

त्यानंतर दुसरं एक गिऱ्हाईक आलं. त्यांना सपाट, जाड, बसता येईल असंच झाकण हवं होतं. आम्ही नाही म्हणालो. ते निघून गेले आणि दुसरीकडून करून घेतलं. त्या महिन्याचा हप्ता आम्ही रिक्षाच्या हुडांवर आणि कूलरच्या कव्हरांवर भरला, ओढाताण झाली. पहिल्या तटातल्या दोघी आजही म्हणतात की ते काम घ्यायला हवं होतं. आम्ही त्यांचं म्हणणं ठरावाच्या वहीत लिहून ठेवलंय. बहुमतानं नियम मात्र झालाय, बसता येईल असं झाकण आमचा गट करणार नाही.

पैशाचं बोलू. हे काम घेताना सगळ्यात जास्त फसवणूक होते ती बसवण्याच्या मजुरीत. रेक्झिन किती, प्लाय किती, शिलाई किती हे गिऱ्हाईक मोजतं. पण घडी ठरवायला गेलेला दिवस, खाक्याचा दिवस, खडू लावून मारलेल्या फेऱ्या हे कुणी मोजत नाही, आपणही मोजत नाही. घरकामाची सवय, हाताला लागलेला वेळ फुकटच धरायचा. म्हणून वहीत दोन वेगळे रकाने करा, शिलाई आणि बसवणी. समजा सामान 2,600 रुपयांचं. शिलाईला दोघींचा दीड दिवस आणि बसवणीला दोघींचा दीड दिवस. रोज 400 रुपये धरला तर शिलाईचे 1,200 आणि बसवणीचेही 1,200. सुतारकाकांचे वेगळे, जाण्या-येण्याचं भाडं वेगळं, आणि मशीनच्या सुई-दोरा-दुरुस्तीला थोडे बाजूला. हे आकडे हिशोब समजावा म्हणून सांगितले, तुमच्या गावचा भाव तुम्ही घाला. निम्मे पैसे माप घेतानाच घ्या. गाडी लग्नाला निघून गेली की उरलेल्या पैशांच्या मागं फिरावं लागतं. आणि कामाला एकटीनं जाऊ नका, दोघी जा. सुरक्षेसाठी तर आहेच, पण झाकण धरायलाही दोघीच लागतात.

शिकायचं कुठं, असं काहीजणी विचारतात. जिल्ह्या-जिल्ह्यात बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहेत, तिथं शिवणकाम शिकवतात. 17 सप्टेंबर 2023 ला, आपल्या मराठवाडा मुक्तीच्या दिवशीच, केंद्राची विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्यात 18 कारागिरी धरल्यात आणि शिंपीकाम त्यात आहे. प्रशिक्षणात दिवसाला 500 रुपये भत्ता, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत, आणि 5 टक्के व्याजानं आधी 1 लाखापर्यंत, ते फेडलं की 2 लाखांपर्यंत कर्ज, असं तिचं स्वरूप आहे. एका घरातून एकीलाच किंवा एकालाच लाभ मिळतो, म्हणून अर्ज कुणाच्या नावानं करायचा ते घरात आधी बोला. मशीन जिच्या हातात आहे तिच्या नावानं व्हावा, एवढं आमचं मत. जाड रेक्झिनचं काम मात्र वर्गात फारसं मिळणार नाही. ते आम्ही एका म्हाताऱ्या हूडवाल्या काकांच्या दुकानात आठ दिवस बसून शिकलो. त्यांनी आधी नुसतं जुनं हूड उसवायला दिलं. उसवताना कळतं कुठला टाका कशासाठी होता.

राहिला ठेवण्याचा प्रश्न. टप उभा केला की झाकणाचं काय करायचं? गाडीत त्याला जागा नाही. ऊन-पावसात भिंतीला टेकून ठेवलं की प्लाय वाकतो, आणि वाकलेलं झाकण पुढच्या लग्नात बसत नाही. म्हणून आम्ही जुन्या ताडपत्रीची एक मोठी पिशवी शिवून दिली, तिघा तुकड्यांच्या मधे घोंगडीचे पडदे. दादांनी ती मंडपाच्या गोदामात खुंटीवर आडवी टांगली आहे. पिशवीच्या तोंडाशी कापडाचा तुकडा शिवलाय, त्यावर घडी घालायचा क्रम लिहिलाय, कारण ड्रायव्हर बदलला की सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं.

सध्या आमच्याकडं एका माजी सैनिक काकांची जीप आली आहे. त्यांच्या कमानी वेगळ्या घडणीच्या आहेत आणि घडी डावीकडं उंच राहते. खाका चालू आहे, दोनदा कापून झाला. तो बघायला यायचं असेल तर आमच्या बैठकीच्या दिवशी पालमला या. येताना आपली मोजपट्टी आणि जमलं तर एखादं मोठं खोकं घेऊन या, पुठ्ठा कमी पडतोय.